पहाडीखालचं मोहाचं झाड

लाखनीच्या बाजारात कोणी विचारलं, "काय करतेस वो बाई?" तर मी मान वर करून सांगते, पहाडी राखते. लोक हसतात. हसू देत, माझं काय जातं? आमच्या गावामागची पहाडी अभयारण्यात आहे. उन्हाळ्यात तिथे वणवा लागू नये म्हणून रोजीवर माणसं ठेवतात, आणि त्यांत गावातली पहिली बाई मी. खाकी शर्ट, डोक्यावर टोपी, पाठीला पाला उडवायचं मशीन. पहिल्या दिवशी असं सजून निघाले तेव्हा सासूबाईंनी चुलीपुढून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आता पाला उडवाले बी सरकार रोजी देते! जाय माय, उडव."

सासूबाईंना पहाडी राखणं म्हणजे पोरखेळ वाटे. त्यांच्या लेखी त्या सगळ्या पहाडीत राखण्यासारखं एकच होतं, आमच्या घरचं मोहाचं झाड.

आमच्याकडे मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. कागद नाही, कुंपण नाही, पण कोणतं झाड कोणत्या घरचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. नवी सून आली की पहिल्याच उन्हाळ्यात तिला नेऊन झाड दाखवतात, ती खोडाला हळदकुंकू लावते, आणि त्या दिवसापासून झाड तिचं. सासूबाईंना त्यांच्या सासूने दाखवलं, मला सासूबाईंनी. अगदी पायथ्याशी, अभयारण्याच्या हद्दीच्या दगडाला लागून उभं आहे ते. दोघींनी हात धरले तरी कवेत येत नाही.

मोह पहाटे गळतो. खाली वाळला पाला असला की फुलं त्यात दडतात, म्हणून आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करत आली. काळ्या जमिनीवर पिवळी फुलं लांबूनही दिसतात, वेचायला सोपी. पण वारा काही कोणाच्या घरचा गडी नाही. झाडाखालची आग गवताला लागते आणि बघता बघता पहाडी चढते. तितराची अंडी, सशाची पिल्लं, सगळ्याची राख.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर जंगलखात्याचे साहेब गावात आले आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून सांगून गेले, "यंदा मोहापायी एक जरी आग लागली, तर हद्दीवरचा मोह सगळ्या गावाला बंद." धान कापून झाल्यावर पुन्हा रोवणीपर्यंत आमच्या घराचं तेलमीठ मोहच चालवतो. मग मीच म्हटलं, पेटवायचं कशाला, झाडू मारू. कंबर मोडेल, पण मोह राहील. सगळ्या बाया कबूल झाल्या. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "जंगलात झाडू? उद्या रांगोळी घालाले सांगशीन." पण कुरकुरत का होईना, रोज झाडत होत्या.

मोह ऐन भरात होता तेव्हाची गोष्ट. मी वरच्या जाळरेषेवर होते. आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून जो मोकळा पट्टा ठेवतात, ती जाळरेषा. शेजारच्या घरचे भाऊजी सोबत होते. खाली धूर दिसला. कुठला ते विचारायची गरजच नव्हती, ते झाड मी डोळे मिटून दाखवीन. धावत खाली आलो तर सासूबाई पळसाची हिरवी फांदी घेऊन आग झोडपत होत्या. पदर जळाला होता, हातांना फोड आले होते. खालच्या अंगाला मोह वेचणाऱ्या बायाही फांद्या घेऊन धावून आल्या. आग विझेपर्यंत उन्हं डोक्यावर आली. पहाडीच्या उताराचा एक मोठा तुकडा काळा पडला होता.

झालं होतं ते एवढंच. वाऱ्याने झाडाखाली पाल्याचा ढीग लोटला, सासूबाईंची कंबर दुखत होती, आणि आयुष्यभर जे केलं तेच हातांनी केलं, पाला पेटवला.

मी फार बोलले. सगळ्यांसमोर बोलले. "साऱ्या गावाचा मोह बुडवला तुम्ही, आत्याबाई! आता कोणत्या तोंडानं फिराचं?" एरवी एकाला चार ऐकवणारी बाई, पण नुसती विझल्या राखेवर फांदी आपटत राहिली. तेव्हाच मला कळलं की हिचं काळीज फाटलं आहे.

भाऊजी हळूच म्हणाले, "रस्त्यानं जाणाऱ्याची बिडी पडली म्हणू. कोणाले समजते?" बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. सगळ्यांचा मोह त्या एका खोट्यावर वाचत होता.

संध्याकाळी साहेब आले. ओट्यापुढे सगळा गाव जमला. त्यांनी विचारलं, आग कशी लागली? भाऊजी तोंड उघडणार तोच सासूबाई उठल्या. हाताला हळद थापलेली, अंगावर तोच जळका पदर.

"मी लावली, साहेब. माह्या हातानं. या बायायनं कंबर मोडून झाडू मारला, यायचा मोह कायले बंद करता? बंद कराचं असन तं माह्यं झाड करा. यंदा त्याचं एक फूल मी उचलणार नाई. खाऊ द्या जनावरायले."

आमच्याकडे सासूकडून आलेलं झाड सोडणं म्हणजे काय, हे साहेबांना कुठून माहीत असणार? गावाला माहीत होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली. दुपारी जिला फाडून खाल्लं, ती माझी सासू आहे हे ओट्यावर चढून ओरडून सांगावंसं वाटत होतं.

साहेबांनी एकदा काळ्या उताराकडे, एकदा सासूबाईंच्या जळक्या पदराकडे पाहिलं. मग म्हणाले, "एकच झाड बंद. पण पुन्हा धूर दिसला तर सगळंच."

पुन्हा धूर दिसला नाही. सासूबाई रोज पहाटे आमच्याबरोबर यायच्या आणि दुसऱ्यांच्या झाडांखाली झाडू मारायच्या. स्वतःच्या झाडाखाली पिवळा सडा पडलेला, त्याच्याकडे पाहायच्यासुद्धा नाहीत. एक दिवस तांबडं फुटताना मी त्यांचा हात घट्ट धरून त्यांना रस्त्यावरच थांबवलं. झाडाखाली अस्वल होतं, पाठीवर पिल्लू. मचमच फुलं खाणं चाललं होतं. सफारीची जिप्सी जरा अंतरावर उभी राहिली. आतल्या बाईने खालच्या आवाजात आम्हाला विचारलं, "रोज येतं का हे इथे?"

"येईन नाई तं," सासूबाई म्हणाल्या. "झाड आमचं हाये. यंदा तिले देलं."

या उन्हाळ्यात झाड पुन्हा आम्हाला मिळालं. सासूबाई फक्त गावाकडची अर्धी बाजू झाडतात. पहाडीकडच्या बाजूची फुलं मी एकदा उचलायला गेले तर हातावर चापट बसली. "थे तिचं हाये. लेकुरवाळी हाये थे."

परवा लाखनीला वाळला मोह विकायला दोघी गेलो. एका दुकानदाराने मला विचारलं, काय करतेस. मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी टोपली खाली ठेवली आणि मान वर केली.

"आमी पहाडी राखतो," म्हणाल्या.