पाच गोळे

बायको होती तोवर तिच्यापासून मी फारसं काही लपवलं नाही. हे एक लपवलं. आता ती नाही, मुलगी लांब, आणि वाटूरच्या शेडमध्ये दिवसभर माझ्याशी बोलायला कुणी नसतं — म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंच आहे. जे ओळखतात त्यांच्यापैकी कुणालाच हे ठाऊक नाही.

मी माती बनवतो. गावातल्या कुंभाराची नव्हे. शहरातले स्टुडिओवाले कलाकार कप, वाडगे, बरण्या करायला जी वापरतात ती, स्टोनवेअरची. ही माती माठापेक्षा कितीतरी जास्त आचेवर भाजतात, मग ती दगडासारखी घट्ट होते. अशी माती आयती खणून मिळत नाही, जुळवावी लागते. चिनीमाती, राजस्थानातून येणारी चिकट माती, गारगोटीची पूड, आणि फेल्डस्पार नावाची एक पांढरी पूड, जी भट्टीत वितळते आणि बाकीच्यांना धरून ठेवते. कशात काय किती, हे गणित माझं. गुजरातेत टाइल्सच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षं घालवून ते शिकलो. जालन्यात मस्तगडला आमचं कापडाचं दुकान होतं. ते सोडून मी चिखलात हात घातला म्हणून वडील माझ्याशी शेवटपर्यंत धड बोलले नाहीत. त्यामुळं असेल — हे गणित मला फार मोठं वाटायचं. माझं म्हणावं असं तेवढंच होतं माझ्याकडं.

बघा, हे सांगतानाही मी कारण शोधायला लागलो. राहू द्या.

सुमनबाई वाटूरच्याच. नवरा वारलेला, एक मुलगी शिकत होती. माती चाळायला, कालवायला म्हणून मी त्यांना कामावर ठेवलं. सकाळी आल्या की "जय भीम, भाऊ" म्हणायच्या, पदर खोचायच्या आणि कामाला लागायच्या. पहिलं वर्ष त्याहून जास्त काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी चिकट मातीचा नवा माल आला. रिपोर्ट नेहमीसारखा, माझं प्रमाण नेहमीचं. बाईंनी तयार मातीतला एक गोळा घेतला, त्याची करंगळीएवढी वळी केली, बोटाभोवती गुंडाळली आणि म्हणाल्या, "भाऊ, ही बराबर न्हाई. वरून गुळगुळीत हाय, पोटात कोरडी हाय."

मी हसलो. माल पाठवला. महिन्याच्या आत पुण्याहून फोन आला — वाडग्यांची बुडं तडकतायत.

त्यानंतर त्यांना दाखवल्याशिवाय मी माल पाठवेनासा झालो. त्या दाबून बघायच्या आणि सांगायच्या, अजून आठ दिवस मुरू द्या, किंवा हिच्यात पांढरी पूड जास्त झाली. मी मोजून बघायचो, तर तसंच निघायचं. आमची माती नावाजली गेली ती तेव्हापासून. कुणी विचारलं तर मी "आमची तपासायची पद्धत" म्हणायचो. बाईंचं नाव घ्यायचो नाही.

पण गिऱ्हाइकांना कळायचं ते कळलंच. फोन यायचे — सर, बाईंना दाखवलीत ना? जरा बाईंकडं देता का? मी फोन त्यांच्या ओल्या हातात द्यायचो आणि माझ्याच शेडमध्ये बाजूला उभा राहायचो. त्यात वाईट काय होतं? काहीच नाही. मला मात्र ते घशाखाली उतरायचं नाही. त्या बाई होत्या म्हणून? मजूर होत्या म्हणून? की आमच्या घरी ज्यांना ओट्यावर बसवून वेगळ्या कपात चहा दिला जायचा, त्यांच्यातल्या होत्या म्हणून? मी तसला नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. आज ते तितक्या खात्रीनं सांगता येत नाही.

एका हिवाळ्यात पुण्याहून पाच-सहा जण शेड बघायला आले. त्यांच्यात एक वयस्कर मॅडम होत्या, सगळे त्यांना गुरू मानायचे. जेवणं झाल्यावर त्या म्हणाल्या, बाईंचे हात बघू या, गंमत म्हणून. मी पाच वेगळे गोळे करायचे आणि बाईंनी ते ओळखायचे. मी आत जाऊन केले. एक नेहमीचा. एकात चिकट माती कमी. एक दोन महिने मुरलेला. एक त्याच सकाळी कालवलेला. एकात पांढरी पूड जास्त. त्यांना नंबर घातले, कोणता कुठला ते वहीत लिहिलं आणि वही माझ्याजवळ ठेवली.

बाई लाजल्या, पण हात धुऊन आल्या. काही नाटक नाही. बाजारात वांगी निवडावीत तसा एकेक गोळा उचलला, दाबला, खाली ठेवला. पाचही सांगितले. मी वहीत बघितलं.

पाचही बरोबर होते.

सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मी — मी म्हणालो, "पहिला बरोबर." मग जरा थांबलो. मग म्हणालो, "बाकीचे चुकले, बाई."

एक बरोबर का ठेवला? पाचही चूक म्हणालो असतो तर कुणाला खरं वाटलं नसतं. एवढा विचार मी तेवढ्या क्षणात केला. अशा वेळी माणसाला भान राहत नाही म्हणतात. मला पूर्ण भान होतं.

पाहुणे मायेनं हसले. मॅडम म्हणाल्या, होतं असं कधी कधी. बाई मात्र हातातल्या गोळ्याकडं बघत राहिल्या.

"तिसरा मुरलेला न्हाई?"

"चौथा," मी म्हणालो. "वहीत लिहिलंय."

त्यांना वाचता येत होतं, सातवी शिकलेल्या होत्या. वही दाखवा म्हणाल्या असत्या, तर मी काय केलं असतं? त्यांनी मागितलीच नाही. भाऊ सांगतायत म्हणजे तसंच असणार. "मंग माझंच चुकलं," म्हणाल्या, आणि पुन्हा हात धुवायला गेल्या.

मला काय वाटलं? हलकं वाटलं. त्या संध्याकाळी जालन्याला परतताना मी गाडीत गुणगुणत होतो.

त्यानंतर बाई मातीबद्दल बोलल्या नाहीत. काम तसंच, चोख. फोन आला तर म्हणायच्या, साहेबांलाच विचारा. एकदा मला स्वतःलाच कालवलेल्या मातीचा एक घाणा खटकला, म्हणून मी गोळा त्यांच्यापुढं धरला. त्यांनी दाबला. बोटं मध्येच थांबली — त्यांना कळलं होतं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पण गोळा खाली ठेवून म्हणाल्या, "मला काय कळतंय, भाऊ. तुमी बघा." तेव्हा सांगता आलं असतं. पुढची तीन वर्षं रोज सकाळी सांगता आलं असतं. मग मुलगी शिक्षिका झाली, हसनाबादला लागली आणि आईला घेऊन गेली.

बायको गेल्यावर वर्षभरानं मी हसनाबादला गेलो, सांगायचंच असं ठरवून. बाई शेजारी गेल्या होत्या. मुलीनं चहा टाकला. आई मला भाऊ म्हणते म्हणून ती मामा म्हणते. सहज बोलता बोलता हसून म्हणाली, "मामा, आईचं नवीनच. भाकरीचं पीठ मळलं की मला हात लावून बघ म्हणती, बराबर झालं का म्हून. जन्म गेला भाकऱ्या थापण्यात, अन् आता स्वतःच्या हाताचा भरवसा न्हाई." तिला ते वयाचं वाटत होतं.

बाई आल्या. माझ्या बायकोबद्दल हळहळल्या, शेडचं विचारलं. मी चहा प्यायलो, उन्हाचं बोललो, रस्त्याच्या कामाचं बोललो. आणि उठलो. दारापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "येत जा, भाऊ. एकटे पडले असताल."

मी परत गेलो नाही.

मागच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दिवसांच्या, कार्यक्रमाला या म्हणून मुलीचा फोन आला, तेव्हा गेलो. मांडवात पन्नासेक माणसं होती. वंदना झाली, दोघंतिघं बोलले. मग मुलगी माझ्याकडं वळली. "मामा, तुमी बोला. आईला तुमच्याइतकं कोण वळखतंय?"

मी उठलो. माईक हातात आला.

मी म्हणालो, सुमनबाई फार कष्टाळू होत्या. लोकांनी माना हलवल्या. मुलीनं डोळे पुसले. आणि मी खाली बसलो.