पाण्याची ओटी

‘पाणी लागलं’ या दोन शब्दांची कधी भीती वाटेल असं मला वाटलं नव्हतं. माझं माहेर पासलीचं. तिथे विहीर खणताना हे शब्द ऐकू आले की खणणाऱ्यांच्या हातावर आधी गूळ ठेवतात. सासर कापूरहोळच्या बाजूचं. घरामागे विहीर आणि विहिरीच्या वरच्या अंगाला दगडाची खाण. सुरुंग उडाला की मांडणीवरची भांडी वाजायची. त्याची मात्र सवय होऊन गेली होती.

होळीनंतरची गोष्ट. भर दुपारी खाणीतून ओरडा आला, ‘‘पाणी लागलं! पाणी लागलं!’’ माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठल्या. ताटात नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू घेतलं आणि चढण चढू लागल्या. मी मागोमाग. कोरड्या कातळातून पाणी आलं म्हणजे देवीच आली, तिची ओटी भरायला नको?

खाणीत जाऊन बघते तर एकाच्याही तोंडावर हसू नाही. कातळाच्या फटीतून पाणी भळाभळा येत होतं आणि मुकादम, आमच्याच गावचा माणूस, कपाळाला हात लावून उभा होता. खाणवाल्यांच्या तोंडी पाणी लागणं म्हणजे काम बुडणं. ती हाक पंप आणायची होती. आत्याबाईंना हे कुठून कळणार? त्यांनी फटीला हळदकुंकू वाहिलं, खणानारळाने ओटी भरली, हात जोडले. मुकादमाने चप्पल काढली. येताना आत्याबाई फार खुशीत होत्या.

दुसऱ्या दिवशी पंप लागला आणि पाणी ओढ्यात जाऊ लागलं. पंपाची घरघर थांबायचं नाव घेईना. थोड्याच दिवसांत आमच्या विहिरीचा दोर अपुरा पडला. मी त्याला जुना दोर जोडला, तोही पुरेना. मग पोहऱ्यात गाळ यायला लागला. प्यायला हेच एक पाणी, आणि पावसाळा लांब. आत्याबाईंनी शुक्रवार धरले. ‘‘माझ्याच पूजेत खोट ऱ्हायली गं,’’ म्हणायच्या. मला रडू यायचं आणि रागही. देवीला एवढीच कामं आहेत का?

मी तशीच खाणीवर गेले आणि मुकादमाला म्हणाले, ‘‘पंप बंद करा. आमची विहीर आटतेय.’’

‘‘वयनी, पंप बंद केला तर मशीन बुडंल,’’ तो म्हणाला. ‘‘आन् तुमच्या विहिरीचा हितं काय संबंध? ऊन बघा की किती हाय!’’

मी तणतणत परत आले. मला संशय होता, पण दाखवायला हातात काही नव्हतं.

मग गावची जत्रा आली. खाण बंद, मशीन वर काढून ठेवलेलं, क्रशर बंद, पंपवाला पालखीला. जत्रा संपली त्या सकाळी मी पोहरा सोडला आणि दोर मध्येच सैल पडला. मी दचकले, वाटलं गाठ सुटली. पण पोहरा डुबुक करून बुडाला. वाकून पाहिलं तर पाणी चढून मधली पायरी ओली झाली होती. मी जोरात हाक मारली.

आत्याबाई आल्या, वाकल्या, बघत राहिल्या. मग त्यांनी खाणीकडे कान दिला. वर सगळं गप्प होतं.

‘‘पंप बंद हाय व्हय?’’

‘‘जत्रेपासून बंदच आहे.’’

त्या काठावर बसल्या. ‘‘म्हंजी ते पाणी आपलंच. म्या माझ्याच पाण्याची वटी भरली आन् त्याला लावून दिलं. लेकीला सासरी लावावं तसं.’’

मग त्याच उठल्या. ‘‘चल. आज पंप चालू करतील.’’

आम्ही पोहोचलो तेव्हा खड्डा पाण्याने भरत आला होता. खाणीचे साहेब गाडीतून उतरले होते, मुकादमाचा हात बटणाजवळ होता. मी मनात भांडणाची सगळी तयारी केली होती, विहिरीची ओली पायरी दाखवायला साहेबांना ओढत न्यायचीही.

आत्याबाई सरळ पंपाच्या पाइपावर जाऊन बसल्या. साहेबांनी चढ्या आवाजात विचारलं, ‘‘कोण या? काय पाहिजे?’’

‘‘म्या मुराळी आलेय,’’ आत्याबाई म्हणाल्या. ‘‘माझं पाणी माहेरी न्यायला.’’

साहेब बाहेरचे, त्यांना मुराळी काय ते माहीत नव्हतं. मुकादमाला माहीत होतं. सासरी गेलेल्या बहिणीला आणायला तोही मुराळी होऊन गेलेला. त्याने बटणाजवळचा हात मागे घेतला.

‘‘तुझा हात का थांबला?’’ साहेब त्याच्यावर खेकसले.

‘‘साहेब, म्या न्हाई दाबणार. त्यांच्या वटीचं पाणी हाय ह्ये. म्या सोता बघितलंय.’’

साहेब रागावले, फोन लावले, टँकर पाठवतो म्हणाले. आत्याबाई हलल्या नाहीत. ऊन चढलं, गावातली माणसं एकेक करत वर आली आणि आमच्या मागे उभी राहिली. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, ‘‘बरं, पण किती दिवस पंप बंद ठेवायचा?’’

‘‘माहेराला आल्याल्या लेकीला, कधी जाणार म्हणून इचारत्यात व्हय?’’

त्या दिवशी पंप लागला नाही. पुढे खालचा खड्डा तसाच सोडून खाण वरच्या अंगाने आडवी चालू झाली. पण कागदावर काहीच नाही. साहेब बदलले, मुकादम गेला, तर पंप पुन्हा लागू शकतो, आणि त्याची मला रोज भीती वाटते. सकाळी उठले की आधी मी खाणीकडे कान देते, मगच विहिरीवर जाते. आत्याबाईंचे गुडघे आता चालत नाहीत. पोहरा बुडाल्याचा आवाज आला तरी त्या ओसरीवरून विचारतातच.

‘‘हाय का गं घरात?’’

‘‘आहे, आत्याबाई.’’