टेम्पोच्या मागचा

दुधाचा टेम्पो घेऊन मी पहाटे भांडगावहून यवतला निघालो, की तो सायकलवाला मागं चिकटायचा. टेम्पोच्या आडोशाला वारा लागत नाही, म्हणून. आधी मी चार शिव्या घातल्या, मग सवय झाली. खड्डा आला की मी खिडकीतून हात काढायचा आणि त्यानं मागच्या फाळक्यावर दोन थापा मारायच्या, म्हणजे समजलं.

नाव कधी विचारलं नाही. फोनमध्येही ‘सायकलवाला’च आहे. पोरगा विशीतला, पोटऱ्या दगडासारख्या. घाटात त्याला कुणी गाठत नसे. देशाच्या संघात जायचं होतं त्याला, पण शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात हमखास मागं पडायचा.

"मामा, शेवटची रेघ जवळ आली की मी मागं बघतो," यवतला चहा पिताना तो एकदा म्हणाला. "कुणीतरी माझ्या चाकाला चिकटून येतंय आसं वाटतं." मग हळूच विचारलं, "तुमच्या आरशात मी एकटाच दिसतो न्हवं?"

"एकटाच की," मी म्हणालो. तरी कप ठेवताना त्यानं मागं वळून पाहिलंच.

पुढं तो सरावाला परराज्यात गेला. परवा तिकडून फोन आला. "मामा, जिंकलो! मागं बघितलंच न्हाई. हिकडं आल्यापासून मागं कुणी नसतंच."

मला लई बरं वाटलं.

काल पहाटे आरशात रस्ता मोकळा होता. खड्डा आला, तसा सवयीनं माझा हात बाहेर गेला.

फाळक्यावर दोन थापा पडल्या.