डेंगळ्यांचा सत्कार

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी एका बियाणे कंपनीत प्रचाराच्या कामाला होतो. जीपवर भोंगा बांधायचा, ओतूरपासून पिंपळवंडीपर्यंत फिरायचं आणि 'माझ्या शेतकरी भावांनो' म्हणत कांद्याचं बी खपवायचं. आवाज देवाने दिला होता, अक्कल द्यायची राहिली होती. पिंपळवंडीच्या माझ्या मावशीने तो आवाज ऐकून बी घेतलंच, वर भावकीतल्या सात-आठ घरांनाही घ्यायला लावलं. "आपला पोरगा खोटं बोलायचा न्हाई," एवढीच तिची हमी.

कांद्याला डेंगळे आले. गड्डा पोसायच्या दिवसांत वाफेच्या वाफे फुलांचे दांडे काढून उभे राहिले. बियाण्यातच खोट आहे, हे आमच्या साहेबाने जीपमध्ये मला स्वतः सांगितलं. बाहेर सांगायचं मात्र वेगळं: रोपं लवकर लावली, चूक शेतकऱ्याची. भावकीने मावशीला धरलं. "तुझ्या शब्दावर घेतलं," म्हणाले आणि तिच्या दारात यायचे बंद झाले.

पुण्याच्या हॉटेलात आम्हाला संवाद शिकवला होता. समोरच्याचं ऐकून घ्या, मान हलवा, 'नाही' म्हणू नका. त्या शिकवणाऱ्याचा मला आजही संताप येतो, कारण खरं बोला, हे त्याने दोन दिवसांत एकदाही म्हटलं नाही. साहेब तर त्याच्याही वरचा. "नाराज माणसाला स्टेजवर घ्या," तो म्हणाला. "खाली बसलेला बोलतो, वर बसलेला आभार मानतो."

देवळापुढे शेतकरी मेळावा भरवला आणि 'आदर्श महिला शेतकरी' म्हणून मावशीचा सत्कार ठेवला. आमच्याकडे ज्याची शाल खांद्यावर घेतली, त्याच्याविरुद्ध त्याच मांडवात कुणी तोंड उघडत नाही. पुण्याच्या साहेबाला ही रीत कुणी सांगितली? मीच. मोठ्या हुशारीने सांगितली होती.

शाल मावशीच्या खांद्यावर पडली. भावकी हाताची घडी घालून बसली होती. मावशी नारळ धरून माझ्याजवळ आली आणि हळू म्हणाली, "मला आता बोलता येत न्हाई. तू सांग त्यास्नी, बी खराब व्हतं. माझी चूक न्हाई, एवढंच सांग. तुझं ऐकत्यात."

माईक माझ्या हातात होता. साहेब हसत होता.

"चहा घेतल्याशिवाय कुणी जाऊ नये," मी म्हणालो. आवाज अगदी स्वच्छ लागला होता.