सहाशे वॉट

आमच्या घरात आईचे तीस-चाळीस फोटो असतील, आणि एकातही तिचे डोळे धड दिसत नाहीत. सगळे आबांनी काढलेले. आबा म्हणजे माझे वडील. पेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ. आता तो मी चालवतो आणि ते खुर्चीत बसून माझ्या चुका काढतात. रोलच्या जमान्यात ते एकच नियम शिकले: सूर्य आपल्या पाठीशी आणि गिऱ्हाईक सूर्याकडे तोंड करून. मग समोरचा डोळे मिटो, रडो, नाहीतर चक्कर येऊन पडो. "तोंड स्वच्छ आलंय का न्हाय?" एवढंच ते विचारणार. निम्म्या कोल्हापूरच्या लग्नाच्या अल्बमात माणसं चिंच खाल्ल्यासारखी दिसतात, ती ह्यांच्यासारख्यांच्या कृपेनं.

गेल्या हिवाळ्यात आईच्या उजव्या डोळ्याचा निकाल लागला. काचबिंदूनं नजर आधीच गेली होती, मागं नुसती कळ उरली होती. डॉक्टर म्हणाले, डोळा काढून टाकू, निदान दुखणं तरी थांबेल.  घरी येऊन आई उंबऱ्यात चप्पल काढता काढता मला म्हणाली, "दोन्ही डोळं उघडं असल्याला एक फोटू काढ माझा. ह्यो डोळा जायच्या आत. आन् स्टुडिओत नगं, तितं तुझा बा वरडतोय. भाईर कुटं तर काढ."

आठ दिवस हातात होते. शहाण्या माणसानं तिथंच अंगणात कॅमेरा काढला असता. मी लाईट निवडायला बसलो.

आता ह्यात माझं काय चुकलं ते सांगा. डोळे उघडे राहायचे तर उन्हाकडे पाठच करायला पाहिजे. पाठ केली की चेहरा अंधारात जातो. चेहऱ्यापुरता कॅमेरा लावला तर मागचं आभाळ, पाणी सगळं चुना फासल्यासारखं पांढरं होतं, आणि आभाळ निळं राखलं तर चेहरा तव्याच्या बुडासारखा काळा. दोन्ही पाहिजे असेल तर समोरून फ्लॅश मारायचा, तोही उन्हाच्या तोडीचा. त्यात तो नुसता मारून चालत नाही, पांढऱ्या कापडाच्या खोक्यातून मारावा लागतो, म्हणजे उजेड मऊ पडतो. ते कापड निम्मा उजेड खातं. भर दुपारी सूर्याशी बरोबरी करायची म्हणजे खायचं काम आहे का? हे सगळं मी आईलाही दोनदा समजावून सांगितलं होतं.

गच्चीवर स्टुलावर पाण्याचा माठ ठेवला, त्याला माझी टोपी घातली आणि रोज सकाळ-दुपार एकेक लाईट लावून बघू लागलो. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दोनशे वॉटचा मोठा फ्लॅश आणला, तर तो माठाच्या इतका जवळ न्यावा लागला की खोकंच फोटोत यायला लागलं. चारशेचा सकाळी नऊपर्यंत ठीक होता, बारा वाजता त्याचा जीव जात होता. म्हणजे सहाशेच पाहिजे, असं माझं ठरलं. आबा जिन्यात उभे राहून बघत होते.

"माठाचा फोटू काढाय माठच लागतोय," ते म्हणाले.

"तुमच्यासारखं आईला उन्हात भाजत तरी न्हाय मी!"

त्यानंतर दोन दिवस आबा जिन्याकडं फिरकले नाहीत. खरं तर बरं वाटलं. आई धुणं वाळत घालायला वर यायची. पिळे झटकून झाले की पदरानं तोंड पुसायची आणि विचारायची, "बसू का रं?" मी म्हणायचो, "थांब आई, अजून लाईट ठरला न्हाय." ती बादली घेऊन खाली जायची.

आठव्या दिवशी दुपारी दोनला दवाखान्यात भरती व्हायचं होतं. वाटेत कळंब्याच्या तलावावर फोटो काढायचा, असं ठरवलं. मी आईला घेऊन अकरालाच पोचलो. लाईट आणायला आबांना स्कूटरवर भाड्याच्या दुकानात पाठवलं. मी आदल्या दिवशीच दुकानदाराला फोन करून ठेवला होता, "उद्या सहाशे वॉटचा लाईट काढून ठेवा." तो म्हणाला, "ठेवतो की पावणं, काळजी करू नगासा."

आईला बांधावर उन्हाकडे पाठ करून बसवलं. मागं पाणी, वर निळंशार आभाळ. तिनं डोक्यावर पदर घेतला, हात मांडीवर ठेवले. अकराचे साडेअकरा झाले, बारा झाले. साडेबाराला आबा आले, दुकानदारासोबत दोन चहा पिऊन. भली मोठी पेटी माझ्यापुढं आदळली. मी उघडली आणि माझं डोकंच फिरलं.

"हे काय आणलंय?"

"सहाशे वॉट. लिवलंय बग त्येच्यावर."

"आबा, हा व्हिडिओवाल्यांचा लाईट हाय! लग्नात नवरा-नवरीच्या तोंडावर तासन् तास जळतो, त्यो!"

"मग? लाईटच हाय न्हवं?"

त्यांनी बॅटरी जोडली, बटण दाबलं. त्या उन्हात तो लागलाय की नाही तेच कळेना. आबांनी पुढं तळहात धरला. "लागलाय की!"

"हात धरून बघाय लागतंय, ह्यातच आलं सगळं!" मी ओरडलो. बांधावरून फिरायला चाललेले दोघे थांबून बघायला लागले. बघू देत.

भानगड अशी आहे. फ्लॅशचा जोर मोजतात वॉट-सेकंदात. साठवलेली सगळी ताकद तो डोळ्याचं पातं लवतं तेवढ्या वेळात एकदम बाहेर फेकतो. व्हिडिओचा लाईट नुसता वॉटचा. तो गपगुमान जळत राहतो, उन्हापुढं त्याला कुत्रं विचारत नाही. पण आमच्याकडं वॉट-सेकंद म्हणतंय कोण? सगळ्यांनी सेकंद गिळलाय. दोनशे वॉट, चारशे वॉट, झालं. फ्लॅशलाही वॉट, लाईटलाही वॉट, मिक्सरलाही वॉट.

"मुद्दाम आणलात तुम्ही," मी आबांना म्हणालो. "आईचा फोटो माझ्या हातून होऊ नये म्हणून."

"फोन कुणी केलता? मी?" आबा माझ्या अंगावर आले. "दुकानदार माज्यापुढं म्हणला, तुमच्या पोरानं सहाशे वॉट सांगितलंय. फ्लॅश म्हणला न्हाईस, सेकंद म्हणला न्हाईस. आन् आता माज्यावर भुकतोयस?"

खरं होतं. मीही सेकंद गिळला होता. पण चूक आपली आहे हे कळलं की राग निवतो, असं कुणी सांगितलं असेल तर साफ खोटं आहे. माझा दुप्पट झाला. पाच वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर काढलं: दुकानाच्या पाटीवर माझं नाव घातलं नाही ते, गिऱ्हाइकांपुढं माझे फोटो नाकाला लावून बघतात ते. त्यांनीही माझ्या लहानपणापासूनचं काढलं. शेवटी ते म्हणाले, "बसीव तिला उन्हाकडं तोंड करून. दोन मिनटांचं काम हाय."

"तुमच्या उन्हानंच तिचा डोळा गेला!"

काचबिंदू उन्हानं होत नाही. मला ते ठाऊक होतं, आबांना ठाऊक नव्हतं. त्यांचं तोंड उघडं राहिलं. त्यांना लागावं म्हणूनच मी ते म्हणालो होतो, आणि लागलेलं बघून मला आनंद झाला, हेही लिहून टाकतो. ते खाली बसले आणि पेटीची कुलपं लावायला लागले. दीड वाजला होता. आई उठली, मागची धूळ झटकली आणि रस्त्याकडे चालू लागली. फोटो राहिला.

दवाखान्यात कागद झाले, खाट मिळाली, सिस्टरनं उजव्या डोळ्यात औषध घालून वर पट्टी लावली. आबा खाटेच्या पायथ्याशी उभे होते, खाली बघत. ते पाणी आणायला गेले तर बरं, असं वाटत होतं, पण जाईनात. म्हणून त्यांच्यादेखतच मी म्हणालो, "आई, ह्यांच्यामुळं राहिलं बघ."

"कुणामुळं?" आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "तुमी दोगं भांडत हुतासा, तवर मी तितंच बसलोतो की. उन्हाकडं पाठ करून, दोन्ही डोळं टकाटका उगडं ठिवून. तू सांगितलंवतंस तसं. मागचं पानी पांढरं झालं असतं तर काय बिघडत हुतं रं? मला काय पानी बघायचं हुतं व्हय? गळ्यात कॅमेरा तुझ्या, खिशात मोबाईल तुझ्या बाच्या. दोगांतल्या एकानं तर माझ्याकडं बघितलं का?"

आबांनी तोंडावर हात फिरवला.  मी पिशवीतून कॅमेरा काढला आणि सिस्टरला विचारलं, पट्टी मिनिटभर काढता येईल का? ती म्हणाली, पेशंट म्हणत असेल तर बघू.

"नगं," आई म्हणाली. "लाईट न्हाय की तुझ्याकडं."

आणि ती कुशीवर वळली.