मृणाल आणि दोन नारळ

आमच्या शेजारच्या मृणालिनीला पाण्याची भीती वाटते, हे अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाला म्हणजे कोणाला माहीत नव्हतं. कारण ती भीती तिने फार नीटनेटकी ठेवली होती. बीचवर गेलं की ती टॉवेल सांभाळायची, सँडविच वाटायची, सगळ्यांचे फोटो काढायची. पाणी घोट्याच्या वर आलं की तिला नेमकं कोणाला तरी सनस्क्रीन लावायचं आठवायचं. अकरा वर्षं दुबईत काढली बाईने, आणि समुद्राशी संबंध एवढाच. मी बावीस वर्षं काढली आहेत आणि माझाही संबंध काही जास्त नाही, पण मला स्पेनला जायचं नव्हतं.

मृणाल मूळची पुण्याची. मेट्रोने चार स्टेशनं पलीकडे एका कंपनीत एचआरमध्ये होती. फ्रीजमधल्या प्रत्येक डब्यावर तारीख लिहिणारी बाई. मी तिच्याकडे वाटीभर आमटी पाठवली तरी दुसऱ्या दिवशी वाटी रिकामी परत यायची नाही, आणि त्यात काय घालून पाठवायचं हेही बहुतेक कुठेतरी लिहिलेलं असावं. नवरा शैलेंद्र अगदी उलटा. त्याला सगळंच सोपं वाटतं. मुलं दोन. मिहिका नऊ वर्षांची आणि देवांश साडेपाचचा. मराठीत विचारलेल्या प्रश्नांना दोघं इंग्रजीत उत्तरं देतात आणि आपल्याला राग आला की हसतात.

मार्च महिन्यात शैलेंद्रच्या कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी स्पेनला जायला सांगितलं. मालागाच्या पुढे समुद्राकाठी एक गाव आहे, तिथे. झालं, घर आनंदाने नाचायला लागलं. मिहिका मोबाइलवरून स्पॅनिश शिकायला लागली आणि देवांश लिफ्टमध्ये भेटेल त्याला 'ओला' म्हणत नमस्कार करायला लागला. मी म्हटलं, इथे काय कमी आहे? एक जुडी कोथिंबीर मागवली तरी माणूस दारात आणून देतो. तिकडे काय, भांडी घासा आणि जेवायला रात्री नऊ वाजायची वाट बघा. माझं कोणी ऐकलं नाही.

मग एका संध्याकाळी शैलेंद्रने टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर तिथली शाळा दाखवली. मीही होते. शाळेसमोर एक रस्ता, आणि रस्ता ओलांडला की थेट वाळू. दर शुक्रवारी मुलांना समुद्रात घेऊन जातात, छोट्या छोट्या शिडाच्या होड्या चालवायला शिकवतात. शैलेंद्र सांगताना अगदी फुलला होता. मृणाल उठून चहा टाकायला गेली ती बराच वेळ आलीच नाही. मी आत जाऊन पाहिलं तर गॅस पेटवलेलाही नव्हता.

तेव्हा तिने मला सांगितलं. दहा वर्षांची असताना काकांनी तिला पोहायला शिकवायचं म्हणून पाठीला डबा बांधून विहिरीत सोडलं होतं. डब्याची गाठ सुटली. काकांनी लगेच वर काढलं, काही झालं नाही. पण तेव्हापासून ती कधी पाण्यात उतरली नाही. हे एवढंच असतं तर मीही हसून सोडून दिलं असतं. गेल्या वर्षी मात्र आपल्याच बिल्डिंगच्या पूलमध्ये देवांशचा पाय घसरला होता. लाइफगार्डने दोन सेकंदांत त्याला वर घेतलं. देवांश तर ते विसरूनही गेला. "ताई, मी तीन हातांवर उभी होते," मृणाल म्हणाली. "मी हललेच नाही. हात पुढे केला आणि तशीच उभी राहिले."

हे तिने शैलेंद्रलाही कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं, आणि सोबत आपला निर्णयही सांगितला. पोटची पोरं पाण्यातून ओढून आणता येत नाहीत तोवर मी त्यांना समुद्राच्या गावात नेणार नाही. शैलेंद्रने ऑगस्टमध्ये पुढे जावं. तिची नोकरी होती, मुलांचा व्हिसा तिच्या नावावर घेता येत होता. नोव्हेंबरअखेर ती काय ते सांगेल. पोहणं जमलं तर जानेवारीत सगळे तिकडे, नाही जमलं तर तो तीन वर्षं तिकडे आणि हे तिघं इकडे. शैलेंद्रने समजावून पाहिलं, चिडून पाहिलं, शेवटी मान्य केलं. मृणाल धमक्या देणाऱ्यांतली नव्हे, ती म्हणते तसंच करते, हे त्याला ठाऊक होतं.

आधी तिने रीतसर कोच लावला. तासाचे दोनशे दिरहम, म्हणजे साडेचार हजार रुपयांच्या वर, आणि त्या बदल्यात तो फक्त 'रिलॅक्स, मॅडम, रिलॅक्स' म्हणायचा. तीन तास झाले. मॅडम पायरीवरचा दांडा सोडायला तयार नव्हत्या. चौथ्या तासाला ती गेलीच नाही. मग मला हव्वाबीची आठवण झाली.

हव्वाबी माझी बर दुबईतली जुनी शेजारीण. श्रीवर्धनकडची. तिचा नवरा मीना बाजारात कपडे शिवायचा आणि माझ्या लग्नानंतरचे सगळे ब्लाउज त्यानेच शिवले. आता तो नाही. मुलगा युसुफ रास अल खोरच्या भाजीच्या घाऊक बाजारात कामाला आहे, त्याच्याकडे ती राहते. वय साठीच्या पुढे, गुडघे कुरकुरतात, पण खाडीकाठी वाढलेली बाई; पाण्यात गेली की तिचे गुडघे कुठे जातात कोण जाणे. मी फोनवर सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, पोरीचं वजन किती. पुढच्या शनिवारी सकाळी सहा वाजता ती युसुफच्या गाडीतून उतरली, तेव्हा तिच्या हातात सोलायचे राहिलेले दोन मोठे सुके नारळ होते, चोडासकट, म्हणजे वरच्या जाड सालीसकट, आणि काथ्याची दोरी.

कोकणात पोरं अशीच पोहायला शिकतात. दोन नारळ दोरीच्या दोन टोकांना, मधली दोरी छातीखाली, की माणूस बुडत नाही. पण आमच्या बिल्डिंगच्या निळ्या फरशीच्या पूलवर नारळ कोणी पाहिले नव्हते. सिक्युरिटीवाला धावत आला. "मॅडम, बाहर का खाना पूल में अलाउड नहीं है." हव्वाबीने त्याला नारळ हातात देऊन म्हटलं, खाके दिखाव. लाइफगार्ड केरळचा होता. त्याने नारळ पाहिले, दोरी पाहिली, आणि सिक्युरिटीवाल्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाजूला घेऊन गेला. घरापासून इतक्या लांब त्याला ते पाहून काय वाटलं असेल ते मी समजू शकते.

गाठीचं काय, हे मृणालने विचारायच्या आधीच हव्वाबीने दोरी तिच्या हातात दिली. "तूच बांध, बाय. तुझी गाठ, तुझा भरोसा." मृणालने पाऊण तास गाठी मारल्या. तिच्या त्या डब्यांवर तारखा घालायच्या स्वभावाला अखेर योग्य काम मिळालं. त्या दिवशी ती कमरेपर्यंत पाण्यात उतरली आणि तेवढ्यावरच वर आली.  पूलच्या कडेला बसून हव्वाबीने माझ्याकडची पोहे-कॉफी घेतली आणि गेली.

त्यानंतर एकही शनिवार चुकला नाही. जूनमध्ये पाणी इतकं तापायचं की त्यात भात शिजला असता, तरी या दोघी सहाला हजर. मी खुर्ची टाकून बसायचे आणि टीका करायचे. मृणालचा चेहरा पाण्यात गेला की ती कोर्टात साक्ष द्यायला उभी राहिल्यासारखी दिसायची. एकदा नाकातोंडात पाणी जाऊन तिला अशी काही खोकल्याची उबळ आली की आठव्या मजल्यावरच्या इशिताने बाल्कनीतून विचारलं, अँब्युलन्स बोलावू का? पण जुलैत तिने जमिनीवरचे पाय उचलले. गणपतीपर्यंत एक नारळ सुटला, दसऱ्याला दुसरा. ज्या दिवशी ती नारळाशिवाय पूलच्या या टोकाकडून त्या टोकाला गेली, त्या दिवशी लाइफगार्डने शिट्टी वाजवली आणि मिहिका "ममा, युअर किक इज सो बॅड" म्हणत टाळ्या वाजवत होती.

शैलेंद्र ऑगस्टपासून तिकडेच होता. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. देवांश हलणारा दात कॅमेऱ्याला चिकटवून दाखवायचा, शैलेंद्र आपली एकट्याची खोली आणि पाव-ऑलिव्हचं ताट दाखवायचा. घर त्याने बघून ठेवलं होतं, पण पोहण्याबद्दल तो एक शब्द विचारायचा नाही. मिहिका मात्र सरळ विचारायची, आपण जाणार आहोत की बाबा येणार आहे? मृणाल म्हणायची, बघू. मुलीला ते उत्तर आवडत नसे.

आता एक गोष्ट कबूल करते. हिला जमू नये असं मला वाटत होतं. तोंडाने मी शाबासकी देत होते, पोहे करत होते, पण मनात रोज म्हणत होते की नको जमायला, राहू देत इथेच. बावीस वर्षांत माझ्या मजल्यावरून सात कुटुंबं निघून गेली आहेत. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पुणे. प्रत्येक वेळी जुनी कढई, इस्त्रीचं टेबल आणि अर्धवट संपलेला मसाला माझ्याकडे ठेवून जातात आणि पहिले सहा महिने फोन करतात. मृणालची मला सवय झाली होती. देवांश तर माझ्याच घरी चालायला शिकला. हे स्वार्थी आहे ते मला कळतं, पण होतं ते असं होतं.

परीक्षा मृणालने स्वतःच ठरवली. समुद्रात पोहायची हद्द दाखवणारी पिवळ्या फुग्यांची दोरी असते, तिथपर्यंत पोहत जायचं आणि तिथून देवांशला धरून काठावर आणायचं. हव्वाबीला हे मुळीच पसंत नव्हतं. तिने स्पष्ट सांगितलं की सहा महिन्यांत कोणी कोणाला वाचवायला शिकत नाही, त्यासाठी लाइफगार्ड असतो, त्याला हाक मारायची. मृणाल म्हणाली, तरी पण. आणि एचआरवाली बाई 'तरी पण' म्हणाली की चर्चा संपलेली असते.

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. आम्ही ममझरच्या किनाऱ्यावर गेलो. हवा छान, पाणी शांत, बार्बेक्यूचा धूर, लोकांची पोरं इकडेतिकडे. टॉवेल या वेळी माझ्याकडे होते. हव्वाबी देवांशला घेऊन दोरीपाशी गेली. देवांशच्या अंगात फ्लोट-जॅकेट होतं आणि त्याला हा सगळा खेळच वाटत होता. मृणाल निघाली. चेहरा पांढराफटक, पण हातपाय बरोबर चालले होते. दोरीपर्यंत ती पोहोचली. मी वाळूवर उभी राहिले.

तिने देवांशला काखेतून धरलं आणि वळली. चारपाच हात आली असेल. देवांश वळवळला, हसत असावा, तिच्या गळ्याला त्याने मिठी मारली. मृणालचं डोकं खाली गेलं. वर आलं, पुन्हा गेलं. हव्वाबी मागेच होती. एका हाताने पोराला आणि दुसऱ्या हाताने आईच्या पाठीचं कापड धरून तिने दोघांना उथळ पाण्यात आणून सोडलं. सगळं मिळून अर्धं मिनिटही नसेल. मृणाल रांगत वर आली आणि माझ्याशेजारी वाळूत बसली. खारट पाणी थुंकली. रडली नाही. "नाही जमलं," एवढंच म्हणाली. मी तिच्या खांद्यांवर टॉवेल टाकला. माझ्या मनासारखं झालं होतं, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिच्याकडे बघू शकले नाही.

देवांशला यातलं काही कळलं नव्हतं. त्याने नाक पुसलं, "अगेन!" म्हणाला, आणि आम्ही काही बोलायच्या आत पुन्हा पाण्याकडे पळाला. मिहिका आधीच आत होती. मी ओरडले, अरे थांब. हव्वाबी गुडघे चोळत बसली होती, ती हलली नाही. आणि माझ्याशेजारचा टॉवेल वाळूवर पडला होता.

मृणाल पळत गेली. घोट्यापर्यंत, गुडघ्यांपर्यंत, कमरेपर्यंत, थांबलीच नाही. देवांशपाशी पोहोचली, तिथे त्याचे पाय टेकत नव्हते, थोडं पुढे तिचेही टेकले नसावेत, कारण तिचं नुसतं डोकं दिसत होतं, केस कपाळावर चिकटलेले. तिने त्याला धरलं नाही. ती फक्त त्याच्याबरोबर होती. तो तिच्या तोंडावर पाणी उडवत होता आणि ती त्याच्या. मग मिहिका आली आणि दोघांनी मिळून आईच्या डोक्यावर पाणी ओतायला सुरुवात केली. लांबून मला तिचं हसणं ऐकू आलं. इतक्या वर्षांत पाण्याजवळ तिचं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. मी मनापासून रडले, आणि हव्वाबीने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

बऱ्याच वेळाने तिघं बाहेर आली, बोटांची टोकं सुरकुतलेली. सँडविच मी वाटली. तेवढ्यात मृणालचा फोन वाजला. पडद्यावर शैलेंद्र, दाढी वाढलेली, मागे तिकडची सकाळ. त्याला आज काय आहे ते माहीत होतं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्याने विचारलं, अगदी हळू आवाजात, "जमलं?"

मृणालने पाण्याकडे पाहिलं. देवांश अर्धं सँडविच हातात घेऊन परत निघाला होता. ती उठून उभी राहिली, फोन माझ्या हातात द्यायला पुढे केला, आणि जाता जाता पडद्याकडे बघून म्हणाली, "नाही जमलं. तिकिटं काढ."