आनंदरावांचा नमस्कार

महाल मोहल्ल्यातल्या त्या दोन खोल्यांची एक किल्ली प्रेमिलाकडे, दुसरी घरमालक मार्तंडरावांकडे. मनात येईल तेव्हा ते दार उघडून आत शिरत. भिंतीत खिळा ठोकला का, कूलरच्या पाण्यानं ओल आली का, सगळं बघत. ओट्यावरच्या भांड्यांची झाकणंसुद्धा उचलत. घर त्यांचं, कबूल. पण म्हणून काय दुसऱ्याच्या वरणात डोकावायचं? न कळवता यायचं नाही असं करारात लिहिलेलं होतं. पण करार दाखवून भांडायलाही डोक्यावर छप्पर लागतं.

प्रेमिलाची भीती वेगळीच होती. आधीच्या मालकानं फळीवरची बुद्धाची मूर्ती पाहिली आणि खोली रिकामी करून घेतली. इथं आडनाव बौद्धांत आणि सवर्णांत, दोन्हीकडं चालणारं, म्हणून निभावलं. मूर्ती तिनं साड्यांच्या घडीत ठेवली आणि म्हाताऱ्या सासऱ्यांना, आनंदरावांना, बजावलं, "मामाजी, मालक आले का तुम्ही बोलूच नका."

एका दुपारी ती शिलाई मशीनवर बसली होती. मार्तंडराव आले ते थेट ओट्याशी. झाकणाच्या आवाजानं आनंदरावांची डुलकी मोडली. समोर परका माणूस पाहून ते धडपडत उठले आणि जन्माच्या सवयीनं हात जोडले.

"जय भीम, साहेब."

प्रेमिलाचे पाय मशीनवरच थिजले. मार्तंडरावांनी झाकण जागेवर ठेवलं. त्या दिवशी भिंती पाहिल्याच नाहीत.

"माझा भाचा येऊन राहिला गावावरून. पुढच्या महिन्यात खोली लागन."

"काकाजी, करार त दिवाळीपर्यंतचा हाये ना?"

"मंग जा कोर्टात. मी कुठं नाही म्हणलं?"

कोर्टात जायचं तर शिलाई बुडणार, आणि पाण्याचा नळ मालकाच्याच अंगणात. ती दुसरी खोली शोधायला लागली.

सासऱ्यांवर रागवावं असं तिला फार वाटलं. पण ज्या शब्दानं त्यांनी आयुष्यभर मान वर ठेवली, त्याला चूक कुठल्या तोंडानं म्हणायचं? तरी नवी खोली पाहायला निघताना तिच्या तोंडून गेलंच, "मामाजी, तिथं 'नमस्कार' म्हणजा."

ती पिशवी घ्यायला आत गेली. परतली तर म्हातारा रिकाम्या भिंतीसमोर हात जोडून उभा.

"नमस्कार," ते हळूच म्हणाले. मग पुन्हा, "नमस्कार, साहेब."

जमतं का, ते पाहत होते. प्रेमिलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.